बाटलीच्या तळाशी दही

१

मिओआरानं तपकिरी बाटली काउंटरवर ठेवली आणि शांतपणे विचारलं, "साफ्ताताई, नाकातल्या थेंबांना तुम्ही विरजण कधीपासून लावायला लागलात?"

मला वाटलं, थट्टा करतेय. मिओआराची जीभ आमच्या गावात प्रसिद्ध. पण कडेवरच्या लेकराचं नाक वाहत होतं आणि तिच्या स्वतःच्या डोळ्यांत दोन रात्रींची झोप तुंबली होती. तपकिरी काचेतून काही दिसेना, म्हणून मी थोडं औषध पेल्यात ओतलं. पांढुरकं, गढूळ पाणी आणि तळाला खरोखरच दह्यासारख्या कवड्या.

हे थेंब सिल्व्हर नायट्रेटचे, म्हणजे चांदीच्या क्षाराचे. ते कसे हवेत, तर थंडीतल्या आभाळासारखे नितळ.

"बाळाला घातलेस?"

"दोनदा. तिसऱ्यांदा ड्रॉपर तुंबला म्हणून पाहिलं."

तेवढ्यात आतून तेओहारीसाहेब आले. दुकान त्यांचं, फार्मासिस्टही तेच. पेला उजेडाकडे धरून त्यांनी एकदाच पाहिलं आणि त्यांचा चेहरा दगडासारखा झाला. "बाळाला काही होणार नाही. चांदी खाली बसली म्हणजे औषधाचा जोर गेला, एवढंच. संध्याकाळी या, नवं तयार ठेवतो."

मिओआरा गेली. साहेबांनी बाटलीवरची चिठ्ठी वाचली. बनवणाऱ्याची आद्याक्षरं होती, 'इ. ब.' इलिंका बेझान. फार्मसी टेक्निशियनच्या शाळेतली तिसऱ्या वर्षाची मुलगी, ऑक्टोबरपासून आमच्याकडे प्रात्यक्षिकाला येत होती.

मागच्या खोलीत ती मलम घोटत होती.

"नळाचं पाणी वापरलंस." साहेबांनी विचारलं नाही, सांगितलं.

"नाही साहेब. डिस्टिल्ड वापरलं."

"हे थेंब डिस्टिल्ड पाण्यातच का करतात?"

"साध्या पाण्यात क्लोराइड असतं. चांदी त्याला धरते आणि दह्यासारखी खाली बसते."

"म्हणजे माहीत होतं. माहीत असून आळस केलास. कॅन संपला असेल, नवा उचलायचा कंटाळा आला असेल. तुझ्या प्रात्यक्षिकाच्या कागदावर मी सही करणार नाही."

त्या सहीशिवाय तिला अंतिम परीक्षेला बसता येणार नव्हतं. तिची आई चार वर्षं स्पेनमध्ये परक्यांच्या म्हाताऱ्यांना अंघोळी घालत होती, का, तर पोरीनं पांढरा कोट घालून औषधाच्या दुकानात उभं राहावं म्हणून. हे मला ठाऊक होतं. साहेबांनाही ठाऊक होतं. तरी ते बोलले, "तुझ्या बाईंना फोन केलाय. दुपारी येतील."

ते बाहेर गेल्यावर इलिंकानं खल-बत्ता खाली ठेवला. रडली नाही. हळूच म्हणाली, "साफ्तामावशी, देवाशपथ नळाला हात लावला नाही. पण कॅन उघडताना मला एक गोष्ट खटकली होती. ती मी कोणालाच बोलले नाही."

२

कासियानाबाई दुपारी आल्या त्या गुडघ्याला लोकरी पट्टा बांधून. चाळीस वर्षं औषधं बनवली, आता शाळेत शिकवतात. आमचे तेओहारीसाहेब तरुणपणी त्यांच्याच हाताखाली घोटत होते, त्यामुळे गावात साहेबांना एकेरीत हाक मारणारी दोनच माणसं, एक या बाई आणि दुसरी वरच्या मजल्यावर राहणारी त्यांची आई.

"ग्रिगोरे, खुर्ची दे. आणि चहा. तुझ्या आईचा लिंडनच्या फुलांचा चहा अजून अकराला खाली येतो का?"

"आठवडाभर नाही आला," साहेब म्हणाले. "आईला सर्दी आहे."

"सर्दी झाली की तीच तर चहा करायची," बाई पुटपुटल्या आणि इलिंकाकडे वळल्या. "बोल पोरी. काय खटकलं?"

"बाई, नव्या कॅनचं झाकण फिरवलं की खालची कडी तुटते, कट्ट आवाज होतो. परवा उघडलेला कॅन आवाज न करता उघडला."

"मग?"

"मग मला वाटलं, कडी आधीच सैल असेल. भरलेला होता. लेबल डिस्टिल्डचंच होतं. बाळाचं औषध थांबलं होतं, म्हणून..."

"म्हणून विचारलं नाहीस."

"नाही विचारलं."

बाईंनी तिला ना धीर दिला ना रागावल्या. "पाणी गाळून घेतलंस?"

"गाळणकागदातून, दोनदा."

"गाळणकागद कचरा धरतो. पाण्यात विरघळलेलं काही धरत नाही. कॅन कुठाय?"

कॅन मांडणीवरच होता, पाऊण भरलेला. शेजारी न उघडलेले कॅन ओळीनं उभे. काउंटरवरचा व्हिओरेल दारातून डोकावला. पंचेचाळिशीचा, माझ्यासारखाच टेक्निशियन. कामाला हात आखडता, तोंड मात्र सैल.

"बाई, तपास कशाला? या घरात पाण्याची एकच जाणकार आहे. साफ्ताताई रोज सकाळी उपाशीपोटी आपला पवित्र पेग मारतात. आज सातवा झाला."

येशूच्या बाप्तिस्म्याच्या सणाला पाद्रीबाबा पाणी मंतरतात, आणि ते आठ दिवस आम्ही अनशापोटी घेतो. व्हिओरेलची बायकोही घेते, घरात तोच तेवढा चेष्टा करतो. मी म्हटलं, "तू उद्या एक घोट घे. जिभेवरचा मळ निघेल."

बाई हसल्या नाहीत. त्या व्हिओरेलकडे बघत राहिल्या, जरा जास्तच वेळ. मग म्हणाल्या, "मला पाच काचनळ्या आणि चांदीच्या क्षाराची बाटली द्या. आणि कोणीही खोलीबाहेर जाऊ नका."

३

पहिल्या नळीत नळाचं पाणी. चांदीचा एक थेंब पडला आणि पाणी दुधाळ झालं. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या नळीत न उघडलेल्या तीन कॅनचं पाणी. प्रत्येक झाकण कट्ट वाजलं, थेंब पडला, काही झालं नाही. पाचव्या नळीत इलिंकानं उघडलेल्या कॅनचं.

दूध.

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. "म्हणजे पोरीनं डिस्टिल्ड समजूनच घेतलं. कॅनमध्येच खोट होती."

"किंवा," तेओहारीसाहेब थंडपणे म्हणाले, "आज सकाळी मी ओरडल्यावर हिनं तो कॅन नळाखाली धरला. स्वतःला वाचवायला. मी बाहेर होतो, साफ्ता काउंटरवर होती."

इलिंकाचा चेहरा उतरला. बोलणार काय? साहेबांचं म्हणणं खोटं होतं, पण खोडून काढता येत नव्हतं. सत्याचं असंच असतं, त्याला साक्षीदार लागतो.

बाईंनी मात्र कॅन जवळ ओढला. झाकण उलटं केलं आणि त्याच्या कडेत नख फिरवलं. नखावर काळपट, नखाएवढाच एक चुरा आला. त्यांनी तो बोटांत चोळला, नाकाशी नेला आणि डोळे मिटले. मग कॅनच्या तोंडाशी नाक नेऊन हुंगलं.

"ग्रिगोरे, नळाच्या पाण्याला वास कसला येतो?"

"औषधाचा. क्लोरिनचा."

"हं." त्यांनी तो चुरा रुमालात बांधून ठेवला. "मी तीन प्रश्न विचारणार. विचित्र वाटतील. एक, रिकामे कॅन तुम्ही काय करता? दोन, या मांडणीवर कॅन किती असायला हवेत? आणि तीन, ग्रिगोरे, तुझी आई नक्की कोणत्या दिवसापासून तुझ्याशी बोलत नाही?"

साहेब चमकले. "बोलत नाही, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

४

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. रिकामे कॅन ज्याला हवे तो घरी नेतो. एवढं स्वच्छ भांडं गावात दुसरं नाही. कोणी त्यात द्राक्षाची दारू भरतो, कोणी कोबी आंबवायचं मिठाचं पाणी.

दुसऱ्याचं उत्तर व्हिओरेलकडे. माल तोच सही करून घेतो.

"सहा तारखेला सहा कॅन आले," तो म्हणाला. "कागदावर सहा आहेत."

"कागदावर. तू मोजलेस?"

"बाई, कॅन काय मोती आहेत मोजायला?"

"मोजले नाहीस म्हण."

"गाडीवाला घाईत होता. सणाचा दिवस, मलाही घरी जायचं होतं. मागच्या दाराशी ठेवून घेतले, सही केली आणि पुढं आलो."

"जुना एखादा शिल्लक होता?"

"नव्हता. म्हणून तर मागवले."

बाईंनी मांडणीकडे बोट केलं. इलिंकानं मोजलं. उघडलेला धरून सात.

"सहा मागवले, सात मिळाले," व्हिओरेल म्हणाला. "कंपनीला देव भेटला असेल."

"देवच भेटलाय, पण कंपनीला नाही." बाईंनी सातही कॅनची लेबलं एका रांगेत फिरवली. सहांवर डिसेंबरची तारीख होती. इलिंकानं उघडलेल्यावर मागच्या जूनची. "हा कॅन उन्हाळ्यातच रिकामा झालेला. कोणीतरी घरी नेला, पुन्हा भरला, आणि तो परत इथं आला. पोरी, सहा तारखेला तू कुठं होतीस?"

"तुमच्याच समोर, बाई. सहामाही परीक्षा होती, संध्याकाळपर्यंत."

"ते मला माहीत आहे. ग्रिगोरेला कळावं म्हणून विचारलं. आता सांगा, सहा तारखेला मागच्या दाराशी ठेवलेले कॅन उचलून आत कोणी आणले?"

व्हिओरेलनं खांदे उडवले. साहेबांनी मान हलवली.

आणि मला आठवलं. पुढच्या घराच्या छतावरून बर्फ घसरत होतं, कॅन उघड्यावर होते, गोठून फुटतील म्हणून मी तोंडानं सणाचं स्तोत्र गुणगुणत एकेक आत नेला होता. न मोजता. दारापाशी असलेले सगळे.

एक क्षण मनात आलं, गप्प बसावं. बावीस वर्षांची नोकरी आहे. मग इलिंकाचे हात दिसले, मलमानं माखलेले, कोटावर पुसायचंही विसरलेले.

"मी," मी म्हटलं. "तो सातवा मीच आत आणला."

५

साहेब माझ्याकडे वळले, पण बाईंनी हात वर केला. "तिनं फक्त उचलला. भरला दुसऱ्यानं. साफ्ता, हे हुंग."

त्यांनी रुमाल माझ्या नाकाशी धरला. मला क्षणही लागला नाही. सब्जा. तुळशीच्याच कुळातला, पाद्रीबाबा ज्याची जुडी पाण्यात बुडवून शिंपडतात तो. त्याची एक काडी आम्ही प्रत्येक बाटलीत टाकतो.

"हे तर सणाचं पाणी," मी म्हटलं. "मंतरलेलं."

"मंतरलेलं आणि नळाचं. चर्चच्या अंगणातल्या पिंपांत पालिकेचंच पाणी भरतात. प्रार्थनेनं त्याला जे मिळतं ते मिळतं, पण त्यातलं क्लोराइड काही जात नाही. पोरीनं आज सकाळी नळाखाली कॅन धरला असता, तर त्यात सब्जा कुठून आला असता?"

साहेबांनी रुमाल घेऊन स्वतःच्या नाकाशी नेला.

"आता तिसरा प्रश्न," बाई म्हणाल्या. "ग्रिगोरे, कोणत्या दिवसापासून?"

साहेबांनी खाली बघितलं. "सहा तारखेपासून. संध्याकाळी वर गेलो, तर ताट वाढून ठेवलेलं आणि ती भिंतीकडे तोंड करून. तेव्हापासून हो-नाही एवढंच. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, तुला माहीत आहे."

"आणि तुला माहीत नाही."

"नाही."

"चला वर. साफ्ता, तूही. कॅन घे."

ओलिंपिया आजी खिडकीशी बसल्या होत्या. चौऱ्याऐंशी वर्षांच्या, पाठ काठीसारखी सरळ. कॅन पाहिला मात्र, त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली.

"आजी, हा तुमचा ना?" कासियानाबाईंनी विचारलं.

"माझाच. चर्चहून मी आणला. जिना चढवेना, म्हणून मागच्या दाराशी ठेवला. म्हटलं, ग्रिगोरे वर येताना आणेल. रिकाम्या हातानं आला." त्यांनी पहिल्यांदा मुलाकडे बघितलं. "मी विचारलं नाही. मला ठाऊक होतं तू ओतून दिलंस."

"आई, मी कशाला ओतून देऊ?"

"तुझ्या बापानं ओतलं होतं. देवधर्म न चालणाऱ्या कम्युनिस्ट पार्टीचा माणूस घरी येणार होता, म्हणून स्वयंपाकघरातल्या मोरीत. तू पाच वर्षांचा होतास, दारात उभं राहून बघत होतास. दुसऱ्या दिवशी तू म्हणालास, मोठा झालो की मीसुद्धा असंच करणार, बाबांसारखं."

साहेब गुडघ्यावर बसले, आईच्या खुर्चीपाशी. मी त्यांना बावीस वर्षांत असं पाहिलं नव्हतं. "मला हे आठवतही नाही, आई. मी कॅन पाहिलाच नाही. कोणी सांगितलंच नाही."

"मी कशाला सांगू? ओतणाऱ्यालाच सांगायचं का, की तू ओतलंस?"

"सात दिवस तू हे मनात धरून बसलीस?"

"सात दिवस कसले. चोपन्न वर्षं," आजी म्हणाल्या, आणि त्यांचा हात मुलाच्या केसांवर टेकला.

मी कॅन टेबलावर ठेवला आणि खिडकीबाहेर बघू लागले. बघण्यासारखं काही नव्हतं. बर्फ होतं.

६

खाली आल्यावर बाईंनी सगळं एका दमात मांडलं, गुडघ्याचा पट्टा सारखा करत. आजींनी आपल्या घरातलं सगळ्यांत शुद्ध भांडं देवाच्या पाण्याला नेलं, ते या दुकानाचंच. त्याच दिवशी त्याच दाराशी तसेच सहा कॅन आले. व्हिओरेलनं मोजले नाहीत, साफ्तानं मोजले नाहीत. लेबल खरं दिसत होतं, म्हणून कोणी तारीख वाचली नाही. चोर यात कोणीच नाही.

"माणसं चांगली असली म्हणजे औषध चांगलं होतं असं नाही," बाई म्हणाल्या. "त्यासाठी मोजावं लागतं. व्हिओरेल, ऐकतोयस ना?"

"ऐकतोय बाई. उद्यापासून मोत्यासारखे मोजतो."

"त्या कॅनमधून आणखी काय बनलं?"

इलिंकानं आपली वही काढली. प्रत्येक औषधापुढे कॅनची तारीखसुद्धा लिहिलेली होती. मी ती वही रोज पाहत होते आणि पोरीच्या नीटसपणाला हसत होते. "दुसरं एकच. गुळण्यांचं औषध, आजच सकाळी केलंय. अजून कोणी नेलं नाही, तिथं आहे." तिनं बाटली उचलून साहेबांसमोर ठेवली. "आणि साहेब, कडी वाजली नाही तेव्हा मी थांबायला हवं होतं. तेवढी चूक माझी आहे. ती कागदावर लिहिलीत तरी चालेल."

तेओहारीसाहेब तिच्याकडे बघत राहिले. त्यांचे डोळे अजून लाल होते, आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही.

"मी सकाळी तुझं ऐकून घ्यायला हवं होतं," ते म्हणाले. "तेवढी माझी. ती कोणत्या कागदावर लिहू?"

मग त्यांनी खिशातून पेन काढलं, प्रात्यक्षिकाचा कागद मांडणीवर सपाट केला आणि सही करून शिक्का मारला. शिक्का कोरडा होता, उमटला नाही. व्हिओरेलनं पुढं होऊन त्यावर हं करून जोरात फुंकर घातली, साहेबांनी पुन्हा दाबला, तेव्हा उमटला. कासियानाबाईंनी कागदाची घडी करून पिशवीत टाकली, जणू त्यात विशेष काही नव्हतं, आणि व्हिओरेलला म्हणाल्या, "मला बस स्टॉपपर्यंत सोड. गुडघा बोलतोय."

साहेबांनी इलिंकासमोर डिसेंबरचा कॅन ठेवला. "मिओआराचे थेंब. कर."

"तुम्ही बघणार?"

"नाही. मी आईकडे चहाला चाललोय."

ते खरंच गेले. पोरीनं हात धुतले, झाकण फिरवलं. कट्ट. तरीही तिनं आधी चमचाभर पाणी नळीत घेऊन त्यात चांदीचा एक थेंब टाकला आणि उजेडाकडे धरून वीस आकडे मोजले. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. मग वजन केलं, विरघळवलं, गाळलं, तपकिरी बाटलीत भरलं, चिठ्ठीवर आद्याक्षरं लिहिली.

सहाला मिओआरा आली, लेकराला शालीत गुंडाळून. मी मुद्दाम मागे राहिले. बाटली इलिंकानं दिली.

मिओआरानं चिठ्ठी वाचली. "इ. ब. सकाळचीही हीच होती ना? कोण ही?"

"मी," इलिंका म्हणाली. "आधीची बिघडली होती ती चुकीच्या पाण्यामुळं, आणि मी थांबून विचारलं नाही म्हणून. ही तपासून केली आहे. हवं तर पेल्यात ओतून दाखवते."

मिओआरानं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. माझ्या जिभेवर दहा बचाव तयार होते, एकही बाहेर काढायची वेळ आली नाही.

"राहू दे," मिओआरा म्हणाली. तिनं बाळाला काउंटरवर निजवलं, शालीची टोकं सोडवली आणि त्याचं डोकं हळूच मागे केलं. "माझे हात गारठलेत. तूच घाल दोन थेंब."